श्रीमती करिता

९ सप्टेंबर, सोमवार

साडेआठला कारखान्यात पोचले. सकाळी दोनशे चाळीस चाकं रवाना झाली. रबराचा नवा माल कडक निघाला, परत पाठवला. चार वाजता संचालकांची बैठक. साडेसहाला घरी.

ही वही भाचीने, चुलतभावाच्या मुलीने, दिली आहे. दादा, माझा मोठा भाऊ, गेल्यावर ती आठ दिवस राहिली होती. जाताना म्हणाली, "आत्या, तू बोलत तर नाहीसच, निदान लिहीत जा." पाच आठवडे वही कपाटात होती. आज बैठकीचं इतिवृत्त लिहून झालं तरी हात थांबेना, म्हणून काढली.

बैठकीला तिघंच होतो. दादाचे मित्र वकीलसाहेब, ते आता अध्यक्षस्थानी बसतात. दादाची बायको, म्हणजे वहिनी. दादाचे समभाग तिच्याकडे आले, त्यामुळे निम्म्याहून जास्त कंपनी तिची. आणि मी, सचिव. माझेही थोडे समभाग आहेत, पण मी टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसते.

आम्ही रुग्णालयातल्या खाटांची चाकं बनवतो. कामाला त्रेसष्ट माणसं आहेत. तीनपैकी दोन चाकं एकाच खाट कंपनीकडे जातात आणि त्यांच्याशी असलेला करार पंधरा ऑक्टोबरला संपतो. त्यांच्या कायदा विभागाने कळवलं आहे की, प्रमुख नसलेल्या कंपनीशी नवा करार होणार नाही. करार गेला तर निम्म्या लोकांना घरी बसवावं लागेल. तेव्हा असं ठरलं की त्याआधी दादाच्या जागी योग्य माणूस शोधायचा. शोधायचं काम माझ्याकडे.

"आणि तोपर्यंत ताई बघतीलच," वकीलसाहेब म्हणाले. तेही लिहून घेतलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आलेलं टपाल दादाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग आठवलं. परत उचलून आणलं. सहा आठवड्यांत दहाव्यांदा तरी असेल.

माझं टेबल त्याच्या खोलीच्या दाराबाहेर आहे, तेवीस वर्षं. त्याच्या खुर्चीचं मागचं उजवं चाक कुरकुरायचं. चाकांच्या कारखान्यात मालकाचंच चाक रडतंय, दिव्याखाली अंधार, असं मास्तर चिडवायचे. मास्तर म्हणजे आमचे फोरमन, माझ्याही आधीपासूनचे. दादा दुरुस्त करू द्यायचा नाही. म्हणायचा, "असू दे. मी खोलीत आहे की पळालोय, ते हिला बाहेर बसून कळतं."

खरं तर तो बहुतेक पळालेलाच असायचा. शेडमध्ये. मी सहीसाठी पत्रं घेऊन मागे मागे फिरायचे. एकदा त्याने हात वर करून दाखवले, कोपरापर्यंत तेल. "तूच ठोक ना सही." तेव्हापासून पत्राखाली शिक्का 'व्यवस्थापकीय संचालक', वर माझी सही, आणि सहीपुढे हाताने लिहिलेलं 'करिता'. वरिष्ठांच्या वतीने सही करताना लिहितात तसं. माझी सही कोणाला वाचता येत नाही. बँकेतल्या माणसाने एकदा विचारलं होतं, हा पक्षी आहे का. 'करिता' मात्र मी शाळेत शिकवलेल्या वळणाने लिहिते.

आज सात पत्रांवर सह्या केल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जाहिरातीचा मजकूर केला. नव्या माणसाला काय काय यायला हवं, ते मास्तरांना विचारलं. ते भराभर सांगत गेले. चाक कानाने ओळखता यायला हवं. रबरवाल्याशी भांडून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच माल घेता यायला हवा. शेडमध्ये कोण कोणाशी बोलत नाही हे ठाऊक हवं, म्हणजे त्यांना एका पाळीत घालायचं नाही. आणि खाट कंपनीला तोंडावर 'नाही' म्हणता यायला हवं. अशा दहा गोष्टी झाल्या. सांगताना माझ्याकडे बघून हसत होते. चष्म्याला काही लागलं असेल म्हणून मी पुसून घेतला.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, उंच हवा. दादासारखा. पाहुण्यांबरोबर फोटो काढतात तेव्हा बरं दिसतं.

वकीलसाहेबांनी दहातल्या नऊ गोष्टी खोडल्या. मी 'व्यक्ती पाहिजे' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, व्यक्ती हरवलेल्यांच्या जाहिरातीत असते. सरळ माणूस लिहा. "माणूस म्हटलं की बाई-पुरुष दोन्ही आलेच त्यात."

शेवटी मजकूर असा गेला: 'अनुभवी व खंबीर माणूस पाहिजे.'

२० सप्टेंबर, शुक्रवार

एकूण एक्केचाळीस अर्ज. त्यातले दोन बायकांचे. वकीलसाहेबांनी ते दोन्ही बाजूला ठेवले. एकीची मुलं लहान आहेत, तिचं लक्ष घरी राहील. दुसरीला मुलं नाहीत, ती केव्हाही नोकरी सोडून जाईल. मला दोन्ही कारणं पटली. संध्याकाळी भाचीला फोनवर सांगितली तेव्हा एकापाठोपाठ एक म्हणताना मात्र जरा अडखळले.

भाची हसली, पण तिचं मन जड होतं. तिच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर प्रमुखांचे फोटो ओळीने लावले आहेत, नऊच्या नऊ पुरुष. झाडू मारणाऱ्या मावशी त्यांना नवग्रह म्हणतात. या वर्षी भाचीची बढती होईल असं वाटत होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाची झाली. दोघांचा अनुभव सारखा. "त्याला म्हणाले, काम करता करता तयार होशील. मला म्हणाले, तयार झालीस की बघू."

मी म्हटलं, त्यांचं काही कारण असेल. तिने विषय बदलला. मग म्हणाली, "आत्या, जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पहिला उमेदवार आला. शांत, हुशार माणूस. तासभर कारखाना पाहिला, मग मला प्रश्न विचारू लागला. रोजचं काम कोण ठरवतं? मी म्हटलं, मी लिहून देते, मास्तर करून घेतात. रबराचा भाव कोण ठरवतं? तेही मीच. तक्रार आली तर गिऱ्हाइकाकडे कोण जातं? गेली आठ-नऊ वर्षं मीच जाते. दादाला मोजे घालून बूट घालायचा कंटाळा होता. उमेदवाराने वही मिटली आणि विचारलं, "मग मी इथे येऊन काय करू?" मी म्हटलं, सही. तो म्हणाला, ती आता कोण करतं?

सगळं खरं खरं सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

कालच्या माणसाने नकार कळवला. वकीलसाहेबांना म्हणाला, तुमच्याकडे जागाच रिकामी नाही. गाडी लावायला त्रास झाला असावा. फाटकाजवळची रिकामी खोकी हलवून घेतली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा उमेदवार. याच्याकडे रंगीत चित्रं होती. दोन वर्षांत उत्पादन तिप्पट करतो म्हणाला. मास्तरांनी त्याच्यासमोर दोन चाकं फिरवली आणि विचारलं, यातलं खराब कोणतं? त्याने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, दोन्ही उत्तम आहेत, आपल्या दर्जाचं कौतुक वाटतं. मी दारात फाईल घेऊन उभी होते. डाव्या चाकात एक छर्रा कमी होता, ते मला तिथूनच ऐकू येत होतं.

नंतर त्याला छर्ऱ्यांचं टेबल दाखवलं. चाकाच्या पोटात छोट्या पोलादी गोळ्या बसवतात ते काम. तिथे अकरा बायका आहेत. हे टेबल बंद करून यंत्र आणू, असं तो त्यांच्यासमोरच म्हणाला. त्या टेबलावर एक चष्मेवाली आहे. ती मान वर न करता म्हणाली, "आणा की. पण यंत्राला शिंक आली तर गोळ्या कोण वेचणार?" सगळ्या हसल्या. तोही हसला, उशिरा.

चष्मेवाली सहा वर्षं त्या टेबलाचं सगळं बघते. कामं वाटून देते, नव्या मुलींना शिकवते, रजा लिहून ठेवते. तिथला पर्यवेक्षक सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. ती जागा अजून भरायची आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनीचा मावसभाऊ आला. वकीलसाहेब आणि वहिनी दोघांना पसंत आहे. सहा फूट एक इंच. मोठ्या कंपनीत विक्री बघायचा, गोड बोलतो. मला म्हणाला, "ताई, तुम्ही आहात म्हणून मी हो म्हणतोय. तुमचं जसं चाललंय तसंच चालू द्या, मी मध्ये येणार नाही." चांगला आहे. मला हायसं वाटायला हवं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, बसून तर बघा. तो खोलीत गेला, दार लोटलं. मी बाहेर पत्र लिहीत होते. आतून चाक कुरकुरलं.

मी उठले, सह्यांची फाईल उचलली आणि दार ढकलून आत गेले. त्या खुर्चीत तो बसलेला. तो म्हणाला, "काय ताई?" मी म्हटलं, खिडकी बंद करायला आले. खिडकी बंदच होती.

हातपाय धुवायच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले. मग राहिलेलं पत्र पुरं केलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मावसभावाची नेमणूक चौदा तारखेच्या बैठकीत करायची, असं ठरलं. मास्तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "ताई, गाढवापुढे वाचली गीता हे ऐकलं होतं. गीतेनेच गाढव शोधायला जाहिरात द्यावी, हे आज पाहिलं." मी म्हटलं, तो गाढव नाही, सभ्य आहे. ते म्हणाले, मी त्याला कुठे म्हणतोय.

कोणाला म्हणाले, नीटसं समजलं नाही.

कोणी विचारलं नाही, पण इथे लिहिते. मला चार माणसांसमोर बोलता येत नाही. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा दादाने मला बोलायला उभं केलं होतं. मी 'धन्यवाद' म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं सुरुवात आहे, ते वाट बघत राहिले. अशा माणसाचं ते काम नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

अकरा वाजता वहिनी आली. दादाच्या खोलीत त्याचे कपडे, चष्मे होते, ते न्यायला. मी शेडमध्ये होते. टपाल आलं, ते नव्या शिपायाने दादाच्याच टेबलावर ठेवलं. मी परत आले तर वहिनी त्या टेबलाशी उभी, हातात उघडलेलं पत्र, चेहरा पांढरा.

"ही करिता कोण?"

मला काही कळेना. वहिनीने पत्र माझ्यापुढे धरलं. खाट कंपनीचं. वर पत्ता: 'श्रीमती करिता, व्यवस्थापकीय संचालक'.

वहिनी खाली बसली. सत्तावीस वर्षांच्या संसारात याने मला कधी नाव कळू दिलं नाही, म्हणाली. मोजे आवरायचा कंटाळा असणारा माणूस, आणि हे उद्योग. "तुला माहीत होतं ना? तू दाराबाहेर बसायचीस. तुला माहीत नसेल असं होईल का?"

मी म्हटलं, वहिनी, करिता मी आहे.

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला इथे लिहिता येणार नाही.

मग मी कपाटातून जुन्या पत्रांची फाईल काढली आणि तिला सह्या दाखवल्या. पक्षी, पुढे करिता, खाली शिक्का. पत्र लिहिणारी बाई ते नाव समजली. जशी कविता, सरिता, तशी करिता. वहिनीने एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग ती हसायला लागली. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडावर. दादा गेल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. शिपाई पाणी घेऊन आला आणि आम्हाला बघून तसाच परत गेला.

हसून झाल्यावर तिने पूर्ण पत्र मोठ्याने वाचलं. लिहिणारी बाई याच महिन्यापासून तिथली खरेदी प्रमुख झाली आहे. तिने लिहिलंय की कायदा विभागाचा काही घोटाळा झालेला दिसतो. मालक गेल्याचं कळून वाईट वाटलं, पण एकोणीस वर्षं प्रत्येक पत्रावर व्यवस्थापकीय संचालक म्हणून आपलीच सही आहे. आपण आहात तर आम्हाला चिंता नाही. अकरा तारखेला भेटायला येत आहे.

वहिनी फाईल चाळत राहिली. "ही सगळी पत्रं तूच लिहायचीस?"

"दादा सांगायचा."

"काय सांगायचा?"

"लिही म्हणायचा."

"काय लिही?"

मी आठवून पाहिलं. "तुला माहीत आहे तेच, म्हणायचा."

वहिनीने फाईल मिटली. जाताना कपडे, चष्मे न्यायला विसरली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वकीलसाहेबांना हसू आलं नाही. ते म्हणाले, गैरसमज वाढण्याआधी खुलासा करा. करिता नावाची कोणी व्यक्ती आमच्याकडे नाही, चौदा तारखेपासून अमुक गृहस्थ प्रमुख होत आहेत, असं आजच कळवा.

पत्र लिहिलं. चार ओळींचंच. सहीपाशी आले, सही केली, 'करिता' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. कोणाकरिता? मावसभाऊ अजून नेमलेला नाही. दादा नाही. तेव्हा लक्षात आलं की, दोन महिने मी नसलेल्या माणसाच्या वतीने सह्या करत आले. मी मोजल्या नाहीत, पण दोनशेच्या वर असतील. एकाही गिऱ्हाइकाने, बँकेने, रबरवाल्याने विचारलं नाही की आता कोणाकरिता.

पत्र टपालात टाकलं नाही. वकीलसाहेबांना सांगितलं, गेलं. तेवीस वर्षांत कामातलं पहिलं खोटं.

९ ऑक्टोबर, बुधवार

चष्मेवालीची फाईल काढली. का काढली माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी तिने पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज दिला होता. अर्जावर शेरा आहे: 'तयार झाली की बघू.' अक्षर माझं आहे. शाळेत शिकवलेल्या वळणाचं.

भाचीला फोन लावला. तिने उचलल्यावर काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, सहजच. ती म्हणाली, सहज आणि तू? मग मी तिला करिताची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने तिला काय झालं विचारलं. तोच तो, बढतीवाला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खरेदी प्रमुख दहाला आल्या. पस्तिशीच्या असतील, केस आखूड, चालणं भरभर. त्या बाहेरच्या, आपली भाषा दहा वर्षांपूर्वी खाट कंपनीत लागल्यावर शिकल्या, त्यामुळे 'साठी' ठाऊक, 'करिता' नाही.

दादाच्या खोलीत सगळे होते. वकीलसाहेब, वहिनी, मावसभाऊ नव्या कोटात, चहा घेऊन आत आलेले आणि मग बाहेर न गेलेले मास्तर. मी दाराशी वही घेऊन उभी होते. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "करिता मॅडम कुठे आहेत?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. आमचं पत्र पोचलं नाही का, म्हणाले. त्या म्हणाल्या, कोणतं पत्र? वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं, पण वेगळं. पुन्हा हसू येईल की काय अशी तिची अवस्था होती.

मी म्हणाले, "मी."

आवाज फार लहान आला असावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, मी. पण ते माझं नाव नाही. करिता म्हणजे च्या वतीने.

"कोणाच्या?"

"भावाच्या."

"आणि आता?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी विचार केला. म्हटलं, "आता कोणाच्या नाही."

बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून वकीलसाहेबांचा चहा कपातच राहिला. सहा महिन्यांपूर्वी त्या या पदाच्या मुलाखतीला गेल्या तेव्हा त्यांना विचारलं होतं, इतक्या वरच्या जागी बाई टिकेल का, उदाहरण आहे का एखादं? त्या म्हणाल्या होत्या, आहे. आपल्याला चाकं देणारी कंपनी. एकोणीस वर्षं बाई चालवते, एक खेप चुकलेली नाही. करिता मॅडम. "मी तुमच्या नावावर ही जागा मिळवली. आणि ते नाव म्हणजे शब्दयोगी अव्यय?"

व्याकरण इतकं पक्कं आहे तर अर्थ का बघितला नाहीत, असं मास्तर पुटपुटले. बाईच आधी हसल्या. मग वहिनीने जे दोन मिनिटं दाबून धरलं होतं ते सुटलं.

त्यानंतर कामाचं बोलणं झालं. त्यांना नवा ब्रेक हवा आहे. एका पायाने दाबला की चारही चाकं अडली पाहिजेत. आणि माल डिसेंबरात. मावसभाऊ लगेच म्हणाला, होऊन जाईल. मी वही मिटली. म्हटलं, डिसेंबरात होणार नाही. साचा बनायला पाच आठवडे, चाचणीला चार, मग माल काढायला सहा. घाईत केला तर ब्रेक रिकाम्या खाटेवर धरेल आणि माणूस झोपलेल्या खाटेवर सुटेल. फेब्रुवारीत देते.

एवढं सलग मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. दादा रुग्णालयात होता तेव्हा त्याच्या खाटेचं एक चाक अडत होतं, आमचं नव्हतं. ते बोलताना डोळ्यांसमोर होतं. ते मात्र सांगितलं नाही.

बाई म्हणाल्या, "'होणार नाही.' या ओळीची मी वाट बघत होते. तुमच्या दर तिसऱ्या पत्रात असते." मग वकीलसाहेबांना म्हणाल्या, करारावर कोणाचीही सही चालेल, फक्त पुढे 'करिता' नको.

मावसभावाने मला जाताना हळूच विचारलं, ताई, ब्रेक खरंच सुटला असता का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग मी वाचलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बैठक चारला. मावसभावाने नकार कळवला होता. विक्री बघायला बोलावलंत तर येईन, असं लिहिलंय. बोलवावं. गोड बोलणारा एक माणूस असलेला बरा.

वकीलसाहेबांनी कागदपत्रं बाजूला सारली आणि विषय काढला. त्यांना अजून काळजी होती. म्हणाले, "ताई, मी तुमच्या विरुद्ध नाही. पण तुम्ही कधी मागितलं नाहीत." मी म्हटलं, जागा रिकामी आहे असं मला वाटलं नव्हतं. ते बोलल्यावर मला पहिल्या उमेदवाराचं बोलणं आठवलं. त्याच्या गाडीसाठी मी खोकी हलवली होती. कान गरम झाले.

वहिनी म्हणाली, "माझं मत हिला. उंची कमी आहे, पण फोटो बसून काढू."

मतदान झालं. वकीलसाहेबांचंही मिळालं. इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा मीच लिहिलं. 'योग्य माणूस मिळाल्याने शोध थांबवण्यात येत आहे.' हे वकीलसाहेबांनी सांगितलेलं वाक्य आहे. लिहून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं, माणूस म्हटलं की दोन्ही आलेच त्यात." वहिनी म्हणाली, भावजी, आले खरे, पण जाहिरात देऊन.

मला आनंद झाला आहे. भीतीही आहे. दादाला सांगायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

करारावर सकाळी सही झाली. खरेदी बाईंनी माझ्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर आता अजिबातच वाचता येत नाही. भाचीने फुलं पाठवली. चिठ्ठीवर 'श्रीमती करिता यांस'. शेडमध्ये मास्तरांनी मला बोलायला उभं केलं. मी धन्यवाद म्हणाले आणि बसणार होते, पण या वेळी सगळे वाट बघत होते म्हणून आणखी दोन वाक्यं बोलले. फेब्रुवारीत माल द्यायचा आहे, आणि छर्ऱ्यांच्या टेबलाला उद्यापासून पर्यवेक्षक आहे.

चष्मेवालीचं नेमणूकपत्र दुपारी केलं. सही केली. पेन सवयीने पुढे गेलं, 'क' उमटला. कागद फाडला, दुसरा घेतला. ती पत्र वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, तयार झाले का मी?" मी म्हटलं, तू सहा वर्षांपूर्वीच होतीस, मला उशीर झाला. तिने चष्मा काढून पुसला आणि टेबलाकडे परत गेली. शेडमधून अकराजणींचा गलका ऐकू आला.

साडेपाचला सगळे गेले. मी टपाल उचललं, दादाच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि परत आणायला निघाले. मग आणलं नाही. खुर्ची ओढून बसले. मागचं उजवं चाक कुरकुरलं.

मग शेडमधून तेलाची कुपी आणली, खुर्ची उलटी केली. चाकाच्या आसाभोवती दोरा गुंडाळलेला होता, निळा, त्याच्या जुन्या स्वेटरचा असावा. सुईने सोडवून काढला. दोन थेंब तेल सोडलं, फडक्याने पुसलं. खुर्ची सरळ करून खोलीभर एकदा फिरवली आणि ऐकत राहिले.